पाळणा, कायदा आणि बाईचा निर्णय : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण जनगणनेवर लेख छापला होता, त्यात एका ओळीत लिहिलं होतं की भारतात आता बाईमागे सरासरी दोनच मुलं जन्माला येतात. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आणि व्हॉट्सअॅप आले तेवढे बाकी सगळ्या लेखावर मिळून आले नाहीत. काहींना ते खोटं वाटलं, काहींना राग आला, आणि बऱ्याच बायकांनी आकडे बाजूला ठेवून सरळ स्वतःच्या घरातलं विचारलं. नावं कुणाचीच छापत नाहीये, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : ताई, तुमचा आकडा पटत नाही. २०२३ मध्ये आपण चीनला मागे टाकलं, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, शिपायाच्या एका जागेला हजारो अर्ज येतात, आणि तुम्ही म्हणता दोनच मुलं होतात! मग वाढतेय कोण? माझं स्पष्ट मत आहे, दोन मुलांचा कायदा करा आणि जो मोडेल त्याचं रेशन, सवलती सगळं बंद करा.
(निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक)

काका, गर्दी खरी आहे आणि आकडाही खरा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणून सरकारचा मोठा सर्व्हे असतो, घरोघरी जाऊन बायकांना विचारून केलेला. १९९२-९३ च्या पहिल्या सर्व्हेत बाईमागे सरासरी ३.४ मुलं होती, २०१९-२१ च्या पाचव्यात ती २.० झाली. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हाच आकडा सहाच्या आसपास होता. आईबाप दोघं गेले की त्यांच्या जागी दोघं यायला सरासरी २.१ लागतात, म्हणजे आपण त्याच्याही खाली आलोय. महाराष्ट्र १.७ वर आहे, गोवा १.३ वर.

मग वाढ कुठून येते? समजा १९६० च्या सुमाराला दोन घरं आहेत, दोन्ही घरांत सहा सहा मुलं झाली आणि सगळी जगली. या बारा जणांची एकमेकांच्या घरात लग्नं झाली असं धरा, म्हणजे सहा जोडपी, आणि प्रत्येकाने दोनवर थांबायचं ठरवलं. आजी-आजोबा चार, मुलं बारा, नातवंडं बारा. कुणीही दोनच्या वर गेलं नाही, तरी जाणारी माणसं चार आणि येणारी बारा, आणि त्यात आता म्हातारी माणसं पूर्वीपेक्षा जास्त वर्षं जगतात (चांगलंच आहे ते). हा जोर दोन-तीन पिढ्या टिकतो आणि त्यावर आज केलेला कुठलाच कायदा चालत नाही, कारण ज्या मुली पुढच्या वीस वर्षांत आई होणार आहेत त्या सगळ्या आधीच जन्मल्यात. पण तो ओसरतोय, हे जनगणनेतच दिसतं. १९६१ ते ७१ मध्ये लोकसंख्या २४.८ टक्क्यांनी वाढली, २००१ ते ११ मध्ये १७.६ टक्क्यांनी.

आता कायद्याचं. सक्ती हा देश करून बसलाय काका, तुमच्या तरुणपणीच. एप्रिल १९७६ मध्ये आणीबाणीत लोकसंख्या धोरण आलं आणि राज्याराज्यांत नसबंदीचे कोटे ठरले. शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायला लावल्या, नाही आणल्या तर पगार अडवला, परवाना पाहिजे तर नसबंदीचं सर्टिफिकेट दाखव म्हणाले. आपल्याकडे बार्शीत जानेवारी १९७६ मध्ये रस्त्यावरची माणसं नगरपालिकेच्या ट्रकमध्ये भरून नेल्याच्या तक्रारी झाल्या, त्यात बाजाराला आलेले शेतकरीही होते. आणि तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक देशात मंजूर केलं ते आपल्याच विधिमंडळाने, १९७६ मध्ये, फक्त राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, त्यातल्या ६० लाखांहून जास्त पुरुषांच्या. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आली. मार्च ७७ मध्ये सरकार पडलं आणि पुढच्या वर्षी नसबंद्यांचा आकडा १० लाखांच्याही खाली घसरला, लोक दवाखान्याच्या पायरीलाच घाबरायला लागले.

आणि एवढं करून मिळालं काय? १९७१ ते ८१ या दशकाची वाढ २४.७ टक्के. आधीच्या दशकात २४.८ होती. बस, एवढाच फरक! त्याच काळात केरळमध्ये सक्तीच्या जोरावर नाही तर हळूहळू जन्म कमी होत गेले आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी ते राज्य २.१ पर्यंत आलं, कारण तिथे मुली शाळेत टिकल्या, जन्मलेलं मूल जगायला लागलं आणि दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर होता. ज्या बाईची पहिली दोन्ही मुलं जगतील याची तिला खात्री आहे ती तिसरं कशाला होऊ देईल? देशभरात आजही शाळेत न गेलेल्या बाईमागे सरासरी २.८ मुलं आहेत आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्या बाईमागे १.८. रेशन बंद करायचं म्हणता, पण ते रेशन त्या तिसऱ्या लेकराच्याच ताटातलं आहे, त्याने काय केलंय? नोकरीच्या अर्जांचा ढीग हा रोजगाराचा प्रश्न आहे आणि त्याचा जाब सरकारला विचारला पाहिजे, बाळंतिणीला नाही.

प्रश्न : आम्ही दोनवर थांबतो पण 'ते' थांबत नाहीत, यावर तुम्ही कधीच का लिहीत नाही?
(वाचक, छत्रपती संभाजीनगर)

लिहिते की. पहिल्या सर्व्हेत मुस्लिम बाईमागे ४.४ मुलं होती, हिंदू बाईमागे ३.३. पाचव्यात मुस्लिम २.३६ आणि हिंदू १.९४. म्हणजे दोन्हीकडे उतरलं, मुस्लिमांमध्ये जास्त वेगाने उतरलं, आणि मधलं अंतर एकाहून जास्त होतं ते अर्ध्याच्याही खाली आलं. बिहारमधल्या हिंदू बाईला केरळमधल्या मुस्लिम बाईपेक्षा सरासरी जास्त मुलं होतात. बिहारचा आकडा एकूणच ३.० आहे आणि तिथे वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं असतं. आपला महाराष्ट्रही यात लाज वाटण्यासारखाच आहे, इथे हे प्रमाण जवळपास २२ टक्के आहे, म्हणजे पाचात एक मुलगी. मला विचाराल तर खरी काळजी या आकड्याची करा, ती मुलगी कुठल्या देवाला मानते याची नको.

प्रश्न : ताई, मला ग्रामपंचायत लढवायची आहे, दोन मुली आहेत, आईचा हट्ट आहे की मुलगा पाहिजेच. तिसरं मूल झालं आणि ते भावाला दत्तक दिलं तर माझी उमेदवारी राहते का? बायको म्हणाली आधी विचारून घ्या.
(तरुण शेतकरी, लातूर जिल्हा)

राहत नाही दादा. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात दोन मुलांची अट आहे आणि १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं की माणूस सदस्य व्हायला आणि राहायला अपात्र ठरतो, झेडपी, पंचायत समिती, नगरपालिका सगळीकडे तसंच. दत्तक देऊन उपयोग नाही. ओडिशाच्या एका सरपंचाची अशीच केस २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली होती, कोर्टाने सांगितलं की दत्तक दिलं तरी जन्म तुमच्याच पोटी झाला, मोजणीत ते येणारच. एक मूल असताना पुढच्या बाळंतपणात जुळी झाली तर ती एकच धरतात, पण तुमचं तसं नाही. सरकारी नोकरीचा विचार असेल तर तिथेही २००५ पासून छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

हे झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पण या कायद्याबद्दल माझं मत तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये हरियाणाच्या केसमध्ये ही अट वैध ठरवली, त्यामुळे कायदेशीर आहे यात शंका नाही. पण आमदार-खासदाराला ही अट लागू नाही, फक्त ग्रामपंचायत-नगरपालिकेतल्या माणसाला लागू आहे, आणि गावातही तिचा मार बसतो तो बाईवर. निवृत्त सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी पाच राज्यांत फिरून या अटीचा अभ्यास केला होता, त्यात काय निघालं तर पद वाचवायला बायकोला सोडून दिलं, मूल आपलं नाहीच म्हणून सांगितलं, लेकरू दुसऱ्याला देऊन टाकलं, गर्भ मुलीचा निघाला म्हणून पाडला. आणि ज्या वयात बायकांना राखीव जागेवरून निवडून यायची संधी मिळते तेच वय मुलं होण्याचं, आणि घरात किती मुलं व्हायची हे ठरवण्याचा अधिकार तिला असतो का? ठरवतात सासू आणि नवरा, पद जातं तिचं. हरियाणा, हिमाचल, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांनी ही अट काढली त्याला वीस वर्षं होत आली, आंध्रने २०२४ मध्ये काढली. आपल्याकडे अजून आहे, आणि जी राज्यं अट न ठेवता दोनच्या खाली आली त्यांच्याकडे बघून तरी आपण ती काढावी असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या आईचं. आईला नीट बसवून सांगा की मुलगा होणार की मुलगी हे पुरुषाच्या बीजावरून ठरतं, सुनेचा त्यात काडीचा संबंध नसतो. आणि तिसऱ्या वेळी कुणी सोनोग्राफीवाला शोधून देतो म्हणाला तर त्याच्या वाटेलाही जाऊ नका. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारं पहिलं राज्य आपलंच, १९८८ मध्ये, देशाचा कायदा नंतर १९९४ ला आला. आणि त्याच राज्यात २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली उरल्या होत्या. लहान कुटुंब पाहिजे आणि त्यात मुलगाही पाहिजे, या दोन्हीच्या कात्रीत त्या मुली गेल्या. शेजारच्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे ही. तुमच्या दोन मुली शिकू द्यात, आणि बायको म्हणाली विचारून घ्या, तर पुढचंही तिलाच विचारून ठरवा.

प्रश्न : दोन मुलं झाली, आता बास असं आम्ही दोघांनी ठरवलं. मिस्टर म्हणतात मी ऑपरेशन करून घेतो. पण सासूबाई, नणंद, अगदी माझी आईसुद्धा म्हणते की पुरुषाने ऑपरेशन केलं की अशक्तपणा येतो, शेतातलं काम होत नाही, तूच करून घे, सगळ्या बायका करतात. माझे दोन्ही सिझर आहेत. काय करू?
(गृहिणी, परभणी)

ताई, मिस्टर स्वतःहून तयार झालेत, तर त्यांनाच करू द्या. अशक्तपणा येत नाही, अजिबात नाही. पुरुषाची ताकद, इच्छा, दाढीमिशा हे ज्या हार्मोनवर चालतं ते थेट रक्तात जातं. ऑपरेशनमध्ये जी नळी बांधतात तिच्यातून फक्त बीज जातं. त्यामुळे संबंधांत फरक पडत नाही, कामात फरक पडत नाही. बिनटाक्याचं ऑपरेशन असतं, जागा बधिर करतात, बारीकसं छिद्र पाडतात, पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. दोन दिवस आराम करायचा, आठवडाभर जड उचलायचं नाही, सायकल चालवायची नाही. तुमचं ऑपरेशन म्हणजे पोट उघडायचं किंवा दुर्बिणीने करायचं, आणि आधी दोन सिझर झालेल्या पोटात ते आणखी जिकिरीचं होऊ शकतं, हे कुठलाही डॉक्टर सांगेल.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण गडबड इथेच होते. पुरुषाचं ऑपरेशन लगेच लागू पडत नाही. पुढचे तीन महिने निरोध वापरायचाच, मग वीर्य तपासून घ्यायचं, रिपोर्टमध्ये बीज नाही असं आलं की मगच निर्धास्त व्हायचं. ही तपासणी न करता दिवस राहतात आणि मग नवरा बायकोवर संशय घेतो, घरं मोडतात यावरून. आणि हे कायमचं आहे, नंतर नळी परत जोडता येते पण मूल होईलच याची खात्री नसते, तेव्हा दोघांचं पक्कं असेल तरच. सरकारी दवाखान्यात फुकट होतं आणि बुडालेल्या मजुरीपोटी पुरुषाला बाईपेक्षा जास्त रक्कम मिळते.

तुमच्या आईने 'सगळ्या बायका करतात' म्हटलं ते मात्र अगदी खरं आहे आणि मला त्याचा फार त्रास होतो. पाचव्या सर्व्हेत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं, पुरुषाचं ०.३ टक्के. आपल्या महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या बायकांचं झालंय, आणि बहुतेकींचं पंचविशीच्या आसपासच उरकलेलं असतं. नेहमी असं नव्हतं. १९७१ च्या जुलैमध्ये केरळमधल्या एर्नाकुलमला एक मोठं शिबिर झालं होतं, एका महिन्यात साठ हजारांहून जास्त पुरुषांनी नसबंदी करून घेतली. पुरुष पुढे यायचे तेव्हा. मग आणीबाणी झाली, पुरुषांना पकडून नेलं, त्यांनी मतपेटीतून राग काढला, आणि त्यानंतर कुठल्याच सरकारची पुरुषाला हात लावायची हिंमत झाली नाही. खात्याचं नावसुद्धा बदलून कुटुंब कल्याण केलं आणि सगळा कार्यक्रम बाईच्या पोटावर आणून ठेवला, कारण बाई मोर्चा काढत नाही. तुमचे मिस्टर जे करायला निघालेत ते गावात आणखी चार जणांनी बघितलं तर फरक पडेल. सासूबाईंना घेऊन एकदा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटा, त्यांच्या तोंडून ऐकलं की बरीच भीती जाते.

प्रश्न : मी आशा आहे. जानेवारीपासून मीटिंगमध्ये एकच विचारतात, किती केसेस झाल्या. टार्गेट बंद झालंय असं ट्रेनिंगमध्ये सांगतात मग हे काय आहे? एखादी बाई नको म्हणाली तर तिला किती समजवायचं?
(आशा स्वयंसेविका, नंदुरबार जिल्हा)

टार्गेट एप्रिल १९९६ पासून कागदावर बंद आहे, १९९४ च्या कैरोतल्या लोकसंख्या परिषदेत भारताने जे मान्य केलं त्यानंतर. पण 'अपेक्षित काम' अशा नावाने आकडा वरून येतोच आणि मार्च जवळ आला की तुमच्या डोक्यावर बसतो, हे मला माहीत आहे आणि ते चूक आहे. त्या आकड्यापायी काय होतं ते छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात दिसलं. ८ नोव्हेंबर २०१४, बंद पडलेल्या एका हॉस्पिटलात शिबिर, एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशन्स केली आणि त्यातल्या १३ जणी गेल्या. तरण्या पोरी होत्या त्या, काहींची लेकरं अंगावर पिणारी होती. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सरकारला सांगितलं की शिबिरं तीन वर्षांत बंद करा, टार्गेटच्या नावाखाली दबाव आणू नका, बाईला तिच्या भाषेत सगळं समजावून मगच सही घ्या.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की समजवायचं माहिती पूर्ण होईपर्यंत, ती 'हो' म्हणेपर्यंत नाही. तिला सगळे पर्याय सांगा, त्रास काय होऊ शकतो तेही सांगा, आणि पावरी, भिली जी तिची बोली असेल तीत सांगा. नको म्हणाली तर नको. तुम्ही गावातल्या आहात, दहा वर्षांनी पण त्याच गल्लीत तुम्हाला तोंड दाखवायचंय. आणखी एक, ऑपरेशनला नवऱ्याची सही लागते असं अजून अनेक ठिकाणी सांगतात, नियमात तसं काही नाही, ज्याचं ऑपरेशन त्याचीच संमती पुरते. आणि ऑपरेशन फेल जाऊन दिवस राहिले तर भरपाईची सरकारी योजना आहे, अशा बाईला घरी रडत बसू देऊ नका, कागद घेऊन लगेच अर्ज करायला लावा.

प्रश्न : कुटुंब नियोजन भारतात १९५२ ला सुरू झालं असं पुस्तकात आहे, पण आमचे सर म्हणाले महाराष्ट्रात त्याच्या खूप आधी सुरू झालं होतं. खरंय का?
(कॉलेज विद्यार्थिनी, रत्नागिरी)

सरांचं बरोबर आहे. र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं. गणिताचे प्राध्यापक होते, या कामापायी नोकरी गेली, कोर्टात खटले झाले, तरी १९५३ मध्ये जाईपर्यंत मासिक चालवत राहिले. त्यांच्या एका खटल्यात १९३४ मध्ये वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. पुढे १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला, तो फेटाळला गेला. कर्व्यांबरोबर काम केलेल्या शकुंतलाबाई परांजपे नंतर विधान परिषदेत आणि राज्यसभेत गेल्या. या लोकांचं वेगळेपण मला हे वाटतं की ते बाईच्या तब्येतीबद्दल आणि तिच्या इच्छेबद्दल बोलत होते, देशाच्या आकड्यांबद्दल नंतर.

१९५२ ला सरकारी कार्यक्रम सुरू झाला, असा राष्ट्रीय कार्यक्रम काढणारा जगातला पहिला देश आपण. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्याला ६५ लाख रुपये होते. सुरुवातीला भर होता पाळीचे दिवस मोजण्यावर, त्यासाठी काही ठिकाणी बायकांना रंगीत मण्यांच्या माळाही दिल्या. १९६५ मध्ये लूप (तांबीसारखं गर्भाशयात बसवायचं साधन) आला, तो भराभर बसवला, पण रक्तस्राव झाला तर बाईने जायचं कुणाकडे याची सोय केली नाही, त्यामुळे बदनाम झाला. आज तांबीला बायका घाबरतात त्याचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

प्रश्न : आता तर दक्षिणेतले मुख्यमंत्री जास्त मुलं होऊ द्या म्हणतायत. नक्की ऐकायचं कोणाचं?
(आयटी इंजिनिअर, पुणे)

स्वतःचं ऐका. त्यांची अडचण मात्र खरी आहे, ती समजून घ्या. लोकसभेच्या जागा १९७६ मध्ये १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या, नंतर ती मुदत २०२६ पर्यंत वाढवली. आता पुढच्या जनगणनेनंतर जागा लोकसंख्येवर वाटल्या तर ज्या राज्यांनी कुटुंब नियोजन मनावर घेतलं त्यांचाच वाटा घटणार, आणि हा अन्याय आहे असं मलाही वाटतं. पण त्यावर उपाय संसदेत शोधायचा असतो, कुणाच्या गर्भाशयात नाही. चीनने एक मुलाचा नियम जवळपास ३५ वर्षं राबवला, २०१६ पासून दोन, २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी दिली, तरी २०२२ पासून त्यांची लोकसंख्या घटतेय, म्हणजे सरकारने सांगून बायका मुलं थांबवतही नाहीत आणि वाढवतही नाहीत. तुमच्या ऑफिसात पाळणाघर आहे का, बाळंतपणाची रजा घेऊन परतलेल्या मुलीचं प्रमोशन अडतं का, हे बघितलं तर पुण्यातली जोडपी एकावर का थांबतात ते कळेल. आणि म्हाताऱ्यांची संख्या वाढणार आहेच, त्यांच्या पेन्शनची आणि दवाखान्याची तयारी आत्तापासून पाहिजे.

प्रश्न : माझं वय २०, लग्नाला चार महिने झालेत. मला नर्सिंगचं शेवटचं वर्ष पूर्ण करायचंय, मिस्टरांचं काही म्हणणं नाही पण घरात सगळे पाळी चुकली का विचारत असतात. दोन वर्षं मूल नको असेल तर काय वापरू? आधी काही वापरलं तर नंतर मूल राहत नाही असं जाऊबाई म्हणतात.
(नवविवाहिता, सातारा जिल्हा)

बाळ, आधी जाऊबाईंची भीती काढू. गोळ्या, निरोध, तांबी यांनी वांझपण येत नाही. तुझ्याच जिल्ह्यात २००७ मध्ये झेडपीने योजना काढली होती, लग्नानंतर दोन वर्षं पाळणा लांबवला तर जोडप्याला ५,००० रुपये आणि तीन वर्षं लांबवला तर ७,५००. तेव्हा तू जे मागतेयस ते काही जगावेगळं नाही, घरातल्या मोठ्यांना ही आठवण करून दे.

पर्याय असे. निरोध सगळ्यात सोपा आणि आजारांपासूनही वाचवतो, पण दर वेळी वापरला तरच. माला-एन गोळी रोज घ्यायची, विसरून चालत नाही, डोकेदुखी किंवा बीपीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना सांग. छाया ही गोळी हार्मोनची नाही, आपल्याच लखनौच्या संस्थेत शोधलेली आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा, तुझ्यासारख्या हॉस्टेल-ड्युटीवालीला ती लक्षात ठेवायला बरी पडते, पाळी थोडी लांबू शकते एवढं. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, घरात कुणाला कळतही नाही, पण पाळी अनियमित होते आणि बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात, म्हणून दोन वर्षांनी लगेच मूल हवं असेल तर माझी पहिली पसंती ती नाही. तांबी पाच किंवा दहा वर्षांची असते पण पाहिजे तेव्हा काढता येते, पहिल्या मुलाआधीही बसवता येते, तपासणी करून. हे सगळं उपकेंद्रात किंवा पीएचसीत फुकट मिळतं आणि त्यासाठी सासूची, नवऱ्याची, कुणाची सही लागत नाही. पुढच्या पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी सिस्टरकडे जा आणि ते होईपर्यंत निरोध वापर.